बेळगावातला गप्प बसायचा रविवार

“रविवारी आमच्यात कुणी तोंड उघडायचं न्हाय. लक्ष ठेवायला भायेरचं माणूस पायजे. येतीस काय?”

निपाणीच्या श्रेणिकचा हा मेसेज आला तेव्हा मी साताऱ्यात घरी, डोसक्याला तेल लावून बसले होते. कॉलेज दोनदा धरून दोनदा सोडलेलं, हातात काम नाही, आणि पिशवी अजून मागच्या भटकंतीतून पुरती रिकामी झालेली नाही. अशा माणसाला ‘येतीस काय’ म्हणू नये. तेल तसंच ठेवून मी एसटीची वेळ बघायला लागले.

श्रेणिकची नि माझी ओळख पत्त्यांची. रमीचे पत्ते नव्हेत, ट्रेडिंग कार्ड गेम. रमीत सगळ्यांना मिळून एकच कॅट असतो. इथं प्रत्येकानं आपापले पत्ते जमवायचे, त्यातून आपला डेक घरून बांधून आणायचा आणि समोरच्याच्या डेकशी लढायचं. गेमचं नाव मुद्दाम सांगत नाही, कमेंटमध्ये भांडणं लागतात. एका ग्रुपवर आम्ही पत्ते अदलाबदल करायचो. कुरिअरनं चार-पाच पाकिटं गेली-आली, माणूस मात्र कधी पाहिला नव्हता.

गप्प बसायची भानगड अशी. बेळगावात यांचा दहा-बारा जणांचा कट्टा आहे, दर रविवारी जमतो. तिथं कुणी खेळायला बसला की बाकीचे सगळे मागं उभे राहून आठवण करून देतात. “अरं, ते वापर की!” “पत्ता उचललास का रं?” सगळा प्रेमाचा मामला. पण गेल्या वर्षी श्रेणिक बेंगळुरूच्या मोठ्या स्पर्धेला गेला आणि तिथं मागं कुणीच नव्हतं. त्याच्या डेकचा कणा असलेला एक पत्ता आहे. इंग्रजी नाव हातभर लांब, म्हणून कट्ट्यावर त्याला ‘पाणक्या’ म्हणतात. पाणक्या टेबलावर असला की तुमच्या प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला एक पत्ता जादा मिळतो, पण तुम्हाला आठवलं तरच. श्रेणिकला आठवलं नाही. एकदा नव्हे, डावामागून डाव.

“समोरचा काय वाईट न्हवता,” तो फोनवर म्हणाला. “त्यानं कशाला सांगायचं?”

यंदा बेंगळुरूला कोण जाणार ते या रविवारी ठरणार होतं. कट्ट्याची पद्धत अशी की एकच जण जातो आणि सगळे आपले चांगले पत्ते त्याच्या हाती देतात. श्रेणिकला ती जागा परत पाहिजे होती. आणि बेंगळुरूसारखंच खेळायचं, म्हणून कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं.

जाणाऱ्यांसाठी सांगते: कोल्हापूरपर्यंत एसटी, तिथून निपाणीला महाराष्ट्राची किंवा कर्नाटकची, जी आधी सुटेल ती धरा, फार थांबावं लागत नाही. कागल मागं पडलं की पाट्या कन्नड होतात, बोलणं मात्र तेच राहतं. शनिवारी दुपारी निपाणी स्टँडवर उतरले तर हवेत तंबाखूचा वास होता, आणि श्रेणिक माझ्या कल्पनेपेक्षा दीड फूट उंच.

त्याच्या घरी मुक्काम. जैन घर, खताबियाणांचं दुकान. अशा घरी उतरणार असाल तर गावात भटकून दिवस मावळल्यावर येऊ नका. मी तेच करणार होते, कारण वाटेत एका गल्लीत विड्या वळणाऱ्या बायकांशी बोलत उभी राहिले होते. श्रेणिक मला शोधत आला.

“आई वाट बघाय लागल्यात. ऊन हाय तवर जेवायचं असतंय आमच्यात.”

आईंनी गरम भाकरी, दही, शेंगाची चटणी आणि दोडक्याची भाजी वाढली. कांदा-लसूण नाही, आणि कुठं काही कमी आहे असं एका घासालाही वाटलं नाही. “खा पोरी, लाजू नको,” आई म्हणाल्या. “ह्यो पत्त्यापायी जेवाण इसरतोय. तूबी तसलीच हाईस व्हय?” मी तिसरी भाकरी घेऊन उत्तर दिलं.

रविवारी सकाळी त्याच्या मोटरसायकलवरून बेळगाव. हायवे झकास आहे, सव्वा-दीड तासात पोचता. आम्हाला तीन लागले. तवंदी घाटात स्तवनिधीची पाटी दिसली, मी म्हटलं देऊळ बघू. संकेश्वरच्या पुढं रस्त्याकडेला लाल मिरची वाळत घातलेली, मी म्हटलं थांबू. श्रेणिक दोन्हीकडं थांबला, पण परत गाडीवर बसल्यावर मागून मला ऐकू येत होतं. तो दर वळणावर पुटपुटत होता, “पाळी सुरू, पाणक्या. पाळी सुरू, पाणक्या.”

कट्टा खडेबाजारच्या एका बोळात, वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या माडीवर. दुकान सुनंदाआक्कांच्या दिरांचं. आक्का वकील आहेत, कट्टा त्यांनीच सुरू केला. भिंतीवर त्यांनी कागद चिकटवला होता, मराठीत ‘गप्प बसा’ आणि खाली कन्नडमध्ये तेच.

“आलीस बाई? बस इथं,” आक्का म्हणाल्या. “जो बोलंल त्यानं सगळ्यांना कुंदा चारायचा. तुझा शब्द शेवटचा.” कुंदा म्हणजे बेळगावची खव्याची मिठाई.

पहिल्या फेरीत पाचव्याच मिनिटाला बसू नावाचा एक जण चुकला. बसू उद्यमबागेतल्या फाउंड्रीत काम करतो, भट्टीच्या आवाजावर बोलायची सवय असलेला गडी. श्रेणिकनं पाळी सुरू केली मात्र, हा ओरडला, “ए श्रेणिक, पाण–”, आणि स्वतःच्याच तोंडावर हात मारून घेतला.

“सुम्कं कुंद्र!” सगळे एकदम म्हणाले. कन्नडमध्ये ‘गप्प बस’. आता बोलले तर सगळेच, पण मी दंड एकट्या बसूलाच केला, नाहीतर कुंदा खायला माणसं उरली नसती. श्रेणिकला पाणक्या आठवला होताच. “सांगायची गरज न्हवती,” तो फणकारला आणि ती फेरी त्यानं जिंकली.

पुढच्या फेऱ्याही जिंकला. आणि शेवटी समोर आल्या आक्का.

तीनपैकी दोन डाव जिंकायचे. पहिला श्रेणिकनं घेतला, दुसरा आक्कांनी. तिसऱ्यात मला आक्कांची चाल कळायला लागली. त्या प्रत्येक पाळीला काहीतरी दांडगं टेबलावर आणून ठेवत होत्या, त्यांना स्वतःला फार कामाचं नसलं तरी. श्रेणिक त्याच्याकडं बघे आणि पुढच्या तीन पाळ्यांचा हिशेब करत बसे. तोच त्याचा दोष आहे. त्याला लांबचं दिसतं, नाकाखालचं दिसत नाही. नंतर मी विचारलं तर आक्का हसल्या. “कोर्टात उलटतपासणीत हेच करते गं. साक्षीदाराला मोठ्या गोष्टीत गुंतवायचा, बारकी त्याच्याकडनं आपसूक सुटते.”

आणि सुटली. डाव अगदी टोकाला आलेला, श्रेणिकनं पाळी सुरू केली, नेहमीचा एक पत्ता उचलला आणि आक्कांनी मांडलेल्या राक्षसाच्या पत्त्याकडं बघत बसला. पाणक्या टेबलावर तसाच.

माडीवर कुणी बोललं नाही. बसूचा चहाचा पेला ओठांपाशी थांबला. कोण खोकत होतं ते खोकायचं थांबलं. मग एकेक जण मान वर करून पंख्याकडं बघायला लागला. पंखा बंद होता.

मी पण बघत होते.

श्रेणिकनं मान वर केली. आमच्याकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

“पाणक्या,” तो म्हणाला.

त्यानं अजून एकही पत्ता खेळला नव्हता, म्हणजे जादाचा उचलायची संधी होती. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी आक्कांकडं.

“माझ्याकडं काय बघतीस? लक्ष ठेवायला तू आलीस.”

नियम होता बोलायचं नाही, आणि बोललं तर कुणीच नव्हतं. खरं सांगू? त्यानं जिंकावं असं मला मनापासून वाटत होतं. “उचल,” मी म्हटलं.

त्याचा हात डेकपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

“न्हाय गं. मला आठवलं न्हाय. ह्यांच्या तोंडाकडं बघून कळलं.” त्यानं हात मागं घेतला. “बेंगळुरात पंखा असंल, पर पंख्याकडं बघणारी ही माणसं नसत्यात.”

तो तसाच खेळला. पुढच्या पाळीला आक्कांनी डाव संपवला. बसूनं न राहवून डेकवरचा तो न उचललेला पत्ता बघायला हात घातला, तर आक्कांनी डेकवर पंजा ठेवला. “बघायचं न्हाय. कुणीच.”

मग पत्ते द्यायची पद्धत झाली. एकेकानं येऊन आपला जपलेला पत्ता आक्कांसमोर ठेवला. श्रेणिक पहिला. त्यानं डेकमध्ये होते तेवढे सगळे पाणके काढून पुढं केले. आक्कांनी ते उचलले, त्याच्या शर्टाच्या खिशात घातले आणि खिशावर थाप मारली.

“हे तुझ्याजवळच असू देत. सरावाला लागतील. पुढच्या खेपेला तूच जायचंस.”

बसूनं बाजारातून आणलेला कुंदा अजून कोमट होता. मी कुंदा पुष्कळदा खाल्लाय, पण हरलेल्या-जिंकलेल्यांनी एकाच कागदावरून बोटांनी खाल्लेला हाच. मला कुणी विचारलं नाही की तू कुठली, काय शिकलीस, पुढं काय करणार. “खाल्लंस का?” एवढंच विचारलं, तेही प्रत्येकानं.

परतताना श्रेणिकनं हत्तरगीला गाडी बाजूला घेतली. तिथं चहाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, “वाईट वाटतंय?”

“वाटतंय की.” त्यानं बशी भरली, फुंकली. “पर एक सांगू? आजवर जिंकलो ते सगळ्यांनी मिळून. आज माझा डाव मी एकट्यानं हरलो. लई बरंबी वाटलं.”

मी दुसऱ्या दिवशी साताऱ्यात. श्रेणिकच्या आईंनी दिलेली शेंगाची चटणी आठवडाभर पुरवायची ठरवली होती, ती कोल्हापूर सोडायच्या आत निम्मी झाली. मधल्या काळात आक्का बेंगळुरूला जाऊन आल्या. जिंकल्या नाहीत, पण चांगल्या पुढं पोचल्या, आणि सगळ्यांचे पत्ते धडपणे परत आणले.

या प्रवासानं मला काय दिलं ते विचाराल तर एक बुधवार दिला. दर बुधवारी संध्याकाळी श्रेणिक व्हिडिओ कॉल लावतो, दोघं आपापल्या टेबलावर पत्ते मांडतो. त्याची अट एकच असते, त्याच्या पाळीला मी माईक बंद ठेवायचा आणि कॅमेरा माझ्या तोंडावर नाही, पत्त्यांवर. मी, वर्गात गप्प बसता आलं नाही म्हणून जिनं निम्मी शाळा वर्गाबाहेर काढली, ती आता ओठ दाबून बसते. पहिले काही बुधवार तो विसरला. मी उशी चावली.

परवा मात्र त्यानं पाळी सुरू केली, एक पत्ता उचलला, थांबला, पाणक्यावर बोट ठेवलं आणि दुसरा उचलला. पुढच्या पाळीला तेच. त्याच्या पुढच्याही. शेवटच्या पाळीला त्यानं पुन्हा बोट ठेवलं तेव्हा मी खुर्चीवरून उडी मारून अशी किंचाळले की माझी आई स्वयंपाकघरातून पळत आली.

“कुणाला ओरडतीस गं?”

मी बोट दाखवलं. फोनवर श्रेणिक, माझा माईक बंद, त्याला काही म्हणजे काही ऐकू गेलेलं नव्हतं. मान खाली घालून तो पुढच्या चालीचा विचार करत होता.