खिशातला फ्यूज

आधीच सांगतो, असले अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर टरच उडवलीये. मीटरवर रीडिंग आलं तर खरं, नाही तर बाता... असा माझा खाक्या. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. पण खरी लाज वेगळीच आहे.

श्रीरामपूर तालुक्यात, बेलापूरपासून थोडं आत एक वस्ती आहे. मोबाईलला रेंज नाही, पण वीज घरोघरी. म्हणून आमच्या छोट्या कंपनीनं तिथं प्रयोग केला — विजेच्या तारांमधूनच इंटरनेट. ट्रान्सफॉर्मरजवळ आमची पेटी, आणि घरात प्लगला मोडेम लावला की झालं. चौदा घरं जोडली होती, देखभाल माझ्याकडं.

तेरा घरांची काही कटकट नव्हती. चौदावं सलीमचाचांचं. चाचा शिंपी. त्यांच्या शिलाई मशीनची जुनी मोटर सुरू झाली की तारेत इतका खरखराट शिरायचा, सगळ्यांचंच नेट तुटायचं. मोटरला एक फिल्टर लावला की काम भागणार होतं. तो मी ‘आणतो, आणतो’ म्हणत महिनाभर टाळला. निव्वळ आळस, दुसरं काही नाही.

एके दिवशी दुपारी तीनला आमचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. सकाळीच चाचांनी मला दारात गाठलं. मुलगी सुरतेला दिलेली, तिचं हृदयाचं ऑपरेशन. गुडघ्यांमुळं यांना प्रवास झेपत नव्हता.

“साहेब, तीन वाजता फोन करनार हाय ती,” चाचा म्हणाले. “आत न्यायच्या आधी एकदा तोंड बघायचंय. तेवढं नेट नीट ठेवा.”

मी हो म्हणालो. अगदी खांद्यावर हात ठेवून म्हणालो!

आणि पावणेतीनला त्यांच्या ओट्यावरच्या बोर्डातून फ्यूज उपसून खिशात घातला. चाचांनी मशीन सुरू केली तर साहेबांसमोर माझी अब्रू जाईल... एवढंच डोक्यात. मशीन तासभर बंद ठेवा, असं सांगता आलं असतं. पण मग त्यांनी फिल्टरचं विचारलं असतं. साहेबांना मी सांगून टाकलं, चौदावं घर बंद आहे, माणसं गावाला गेलीत.

साहेब लॅपटॉपकडे बघत म्हणाले, “बंद कसलं? हे तर सगळ्यात छान चाललंय.”

चौदा नंबर हिरवा होता. माझा हात खिशावर गेला, फ्यूज तिथंच होता.

साहेब निघताच मी चाचांकडे पळालो. पंखा बंद, बल्ब बंद. चाचा खाटेवर बसून डोळे पुसत होते. म्हणाले, वीस मिनिटं बोललो, एकदाही तुटलं नाही, पोर हसली. वीज नव्हती ना, असं मी चाचरत विचारलं. नव्हती की, म्हणाले, पण प्लगला लावलेल्या तुमच्या डब्यातला दिवा चालू होता.

मी बाहेर येऊन गुपचूप फ्यूज बसवला. आत मोडेमचा लाल दिवा लागला, मग लुकलुकत सावकाश हिरवा झाला... बंद पडलेला मोडेम नव्यानं सुरू होतो ना, तसा. त्यात बॅटरी नसते, हे मी शपथेवर सांगतो. आमच्या नोंदीत मात्र त्यांचा मोडेम तीन वाजून पाच मिनिटांपासून वीस मिनिटं चालू दिसतो. चाचांच्या फोनमध्येही तोच कॉल आहे. ऑफिसात विचारलं तर म्हणाले, नोंद चुकली असेल. फ्यूज मीच काढला होता, हे तिथं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

ऑपरेशन नीट झालं, मुलगी बरी आहे. फिल्टर मी दुसऱ्याच दिवशी लावला.

महिन्याभरानं चाचांनी बोलावून एक शर्ट हातात ठेवला. तुमच्यामुळं पोरीचं तोंड दिसलं, म्हणाले. मला तोंड वर करवेना. पैसे द्यायला लागलो तर हात धरला आणि शर्टावरून बोट फिरवत हळूच म्हणाले,

“खिसा जरा खोल केलाय, साहेब. त्या दिवशी ओट्यावरून जाताना तुमच्या खिशातनं फ्यूज दिसत हुता.”

आणि चहा टाकायला आत गेले.

तो मोडेम कसा चालला, मला आजही कळलेलं नाही. शर्ट कपाटात घडी करून ठेवलाय. दोनदा बाहेर काढला, अंगात घालायचं धाडस अजून झालेलं नाही.