शेवटच्या ओळीतलं नाव

गाण्याआधी केशवदादा गोवऱ्यांच्या विस्तवावर डफ शेकत बसायचे आणि तो तापेपर्यंत समोरच्यांना टोमणे मारायचे. "चामडं तापून राह्यलं बापा, तुमी कवा तापसान?" अनसिंगच्या बाजारात निम्मे लोक या टोमण्यांसाठीच थांबत.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. गाणी तोंडी रचत आणि शाहिराच्या रीतीप्रमाणे शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव घालत. "बिननावाचं गानं बेवारस ढोरासारकं," ते म्हणत. "कोनीबी हाकलून नेते."

लढाई चालू होती. गोऱ्या साहेबाची माणसं बाजारात येऊन फौजेत भरती करत. मी शाळामास्तर, वय पस्तीस. एका रविवारी मी त्या भरतीविरुद्ध एक गाणं रचलं आणि दादांना वाचून दाखवलं. डोळे मिटून त्यांनी ते दोनदा ऐकलं.

"नाव कोनाचं टाकतं?"

मी कागदाची घडी घातली. नोकरी सरकारी, घरात चार लेकरं.

"तुह्यं तालात बसत नाई," ते म्हणाले. "माह्यं टाकतो."

मला इतकं हायसं वाटलं, की मात्रा मोजून पाहायचं सुचलं नाही.

पुढच्या बाजारी त्यांनी ते म्हटलं. त्या दिवशी फौजेत एकही जण गेला नाही. फौजदार मात्र आला.

"गाणं कुणी रचलं?"

"शेवटची ओळ नाई आयकली काय साहेब? थांबा, म्हनतो."

शेवटच्या ओळीसाठी त्यांनी गाणं पहिल्यापासून म्हटलं. बाजाराला ते दुसऱ्यांदा ऐकायला मिळालं, या वेळी सरकारी हुकमानं.

पंचनामा लिहायला बरं अक्षर असलेला माणूस हवा होता. गावात तो मीच. माझंच गाणं मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं उतरवून घेतलं. दादा सावकाश सांगत होते. "लिवा बराबर मास्तर. काना-मात्रा चुकू देऊ नोका, कोर्टात वाचतीन." खाली मी लिहिलं : सदर गाणे केशव याने स्वतः रचले आहे. सहीही ठोकली.

अकोल्याच्या तुरुंगातून ते वर्षानं परत आले ते खोकला घेऊन. भेटायला गेलो आणि बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "लेकरं शाळेत जाऊन राह्यले ना? मंग चहा घे."

स्वराज्य आलं. शाळेच्या पटांगणात त्यांचा सत्कार झाला आणि लोकांनी तेच गाणं मागितलं. फाटक्या आवाजात त्यांनी ते म्हटलं. शेवटच्या ओळीत नावापाशी येऊन थांबले, तेवढ्या जागेत डफावर नुसती थाप दिली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दुसऱ्या रांगेत खुर्चीवर होतो. लोक हळहळले, म्हातारपणी स्वतःचं नाव विसरले म्हणून. मीही हळहळलो.

घरी जाताना ते एवढंच म्हणाले, "जागा खाली ठेवली व्हती, मास्तर."

माघात ते गेले. तेराव्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. गिरजावहिनी तूर पाखडत होत्या. गाणं माझं होतं, हे मी एका दमात सांगून टाकलं.

सूप थांबलं नाही. "मले ठाव हाय. भाकरीसंगं रोज गुनगुनत, अन् नावापाशी आले का तुमचं, 'वामन' म्हनत."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"मी कायले बोलू? जेलात तुमी जायाचे व्हते. आता मले कायले सांगता? ज्यायच्यासमोर लिवून देलं, त्यायले सांगा."

त्या पंचांपैकी आता कोणी नाही. फौजदाराची बदली झाली. म्हणून हे लिहून देतो आहे, त्याच अक्षरात. सांगायची किंमत मोजावी लागली असती तेव्हा मी गप्प बसलो. आता या गाण्याला मान आहे, तर बोललो की मान मागायला आल्यासारखं दिसतं. दिसू दे.

मात्रा मी आता मोजून पाहिल्या आहेत. केशव म्हणे. वामन म्हणे. तालात बसतं.