लाल रिबिनीच्या पेट्या

"तुमच्या पेट्यांतले सडके संत्रे मी रोज काढून टाकत होती ना जी," शेवंताबाई म्हणाल्या, आणि मी बर्फीचा डबा उघडता उघडता थांबले.

नागपुरात कळमन्याच्या फळबाजारात एका अडत्याचं शेड आहे. शेवंताबाई तिथे संत्र्यांची छाटणी करतात. आमचा पेपर एका चांगल्या जर्नलमध्ये छापून आला होता, म्हणून मी आणि माझी पीएचडीची विद्यार्थिनी प्रणाली त्यांचं तोंड गोड करायला गेलो होतो. संत्र्यांच्या बाजारात संत्रा बर्फी घेऊन जाणारी मी एकटीच असेन.

"काढून टाकत होता म्हणजे?" मी विचारलं.

"शेठनं सांगून ठेवलं होतं, कॉलेजवाल्यांच्या पेट्यांकडे लक्ष द्या म्हणून. मी सकाळी आली का सडका दिसला तर काढे, त्याच्या जागी ढिगातला एक चांगला ठेवे. कॉलेजचा माल खराब दिसला तर बरं वाटते का?"

"सगळ्या पेट्यांतले?"

"नाही जी. लाल रिबिनीच्याच. बाकीच्या शेठच्या ना?"

बाकीच्या शेठच्या नव्हत्या. त्याही आमच्याच होत्या.

माझा विषय आहे काढणीनंतरचं तंत्रज्ञान. फळ झाडावरून उतरल्यापासून तुमच्या ताटात येईपर्यंत नासू नये म्हणून जे जे करायचं, ते सगळं त्यात येतं. प्रणालीनं संत्र्यांना धावड्याच्या डिंकाचा पातळ लेप देऊन पाहिला होता. निम्म्या पेट्या लेपाच्या. निम्म्या बिनलेपाच्या, ज्यांना आम्ही कंट्रोल म्हणतो, म्हणजे तुलनेसाठी जसंच्या तसं ठेवलेलं फळ. दर चौथ्या दिवशी ती येऊन सडलेली फळं मोजायची. हमालांनी लेपाच्या पेट्या इकडच्या तिकडे करू नयेत म्हणून त्यांना लाल रिबीन बांधायची कल्पना माझी. लेप दिसत नाही, पण रिबीन लांबूनही दिसते. वीस वर्षं मी मुलांना शिकवते आहे की कुठली पेटी कसली हे प्रयोगाच्या जागी कुणालाही कळता कामा नये, फक्त नंबर टाका. ते शिकवणं वर्गात राहिलं आणि मी बाजारात रिबीन बांधून मोकळी झाले.

निकाल इतका छान आला होता की लेपाचं फळ जवळपास दुप्पट टिकतं असं आम्ही लिहिलं. ते टिकवण्यात डिंकाचा वाटा किती आणि शेवंताबाईंच्या हातांचा किती, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं.

परतताना गाडीत, सक्करदऱ्याच्या चौकात प्रणाली म्हणाली, "मॅडम, पप्पांनी पेपरची झेरॉक्स दुकानात लावली आहे." तिच्या घरी उमरेडला पूर्वी हातमाग होता, आता किराणा दुकान आहे. घरातली पहिली पीएचडी. आमच्याकडे एक तरी पेपर छापून आल्याशिवाय प्रबंध सादर करता येत नाही, आणि तिच्या नोंदणीची मुदत त्या वर्षाअखेर संपत होती. हा पेपर गेला तर पाच वर्षं गेली.

खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी काहीच केलं नाही. जर्नलला काय कळणार आहे, असंही मनात येऊन गेलं. मग एका सकाळी वाटलं की एखादा बागाईतदार हा पेपर वाचून किंवा कुणाकडून ऐकून डिंकाची पोती विकत घेईल, आणि त्याच्या शेडमध्ये काही शेवंताबाई नसतील. त्या विचारानं मला स्वतःचा राग आला. मी प्रणालीला बोलावलं.

ती आली ती कागद घेऊनच. संपादकांना लिहायच्या पत्राचा मसुदा होता.

"तू कधी लिहिलंस?"

"त्याच दिवशी. पण मले वाटलं, तुम्ही नाही म्हणाल तर बरं होईल." आणि ती रडायला लागली. मीही थोडी रडले. मग आम्ही दोघींनी पत्रातलं इंग्रजी नीट केलं.

छापून आलेला पेपर मागे घेणं याला रिट्रॅक्शन म्हणतात. पेपर पुसून टाकत नाहीत, त्याच्यावर कायमची नोटीस लागते की यावर विसंबू नका, आणि का ते लिहितात. बऱ्याचदा हे चोरी किंवा बनावट आकड्यांमुळे होतं, म्हणून शब्द ऐकला तरी लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यासाठी आमच्या जर्नलला सगळ्या लेखकांच्या सह्या लागत होत्या. लेखक तिघं. प्रणाली, मी आणि आमचे विभागप्रमुख वानखेडे सर.

वानखेडे सर माणूस वाईट नाही. पण आमच्या विभागातून पेपर निघाला की शेवटचं नाव विभागप्रमुखांचं, ही रीतच होती. त्यांच्या आधीच्या सरांचंही असायचं. दसऱ्याला मोठ्यांना सोनं द्यावं तसं आम्ही नाव देत होतो, आणि त्यात काही चुकतंय असं मलाही कधी वाटलं नव्हतं.

सरांनी पत्र वाचलं. चष्मा काढला.

"मॅडम, तुम्ही काहून उगाच घर पेटवून राहिल्या? कोणी तक्रार केली का?"

"नाही सर."

"मंग? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"मूठ उघडली आहे सर. आपल्याला माहीत आहे ना आता."

"हे पाहा, यात माझं नाव नका घेऊ. मी प्रयोग पाहिला नाही, बाजारात गेलो नाही, पेपरही वाचला नाही. माझा काय संबंध?"

"मग पेपरवर नाव कसं होतं, सर?"

मला टोमणा मारायचा नव्हता. खरंच तोंडून निघून गेलं. सरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मी पुढे म्हणाले, "दोनच मार्ग आहेत. एक तर तुम्ही सही करा. नाहीतर तुमचा यात काही वाटा नव्हता असं संपादकांना कळवा. त्या पत्राखाली मीही लिहीन की तुमचं नाव मीच घातलं होतं. चूक माझीही आहे."

चहा आला. कप बाजूला सारून ते म्हणाले, "पेपरची एक कॉपी ठेवून जा. वाचतो तरी."

दुसऱ्या दिवशी सही झालेलं पत्र माझ्या टेबलावर होतं. सोबत पेपरची कॉपी, समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहिलेले. त्यातला एक होता: पेट्यांची ओळख कशी ठेवली? हा प्रश्न त्यांनी आधी विचारला असता तर, असं मनात आलं. पण आधी त्यांनी वाचावं अशी आमचीही कुठे अपेक्षा होती?

संपादकबाईंचं उत्तर आठवड्यात आलं. नोटिशीत त्यांनी स्वच्छ लिहिलं की चूक अनवधानानं झाली आणि लेखकांनी स्वतःहून कळवली. पुन्हा प्रयोग केलात तर नवीन पेपर पाठवा, नेहमीप्रमाणे तपासला जाईल, असंही कळवलं. प्रणालीनं उमरेडला फोन करून दुकानातली झेरॉक्स उतरवायला सांगितली. वडिलांनी कारण विचारलं. सगळं ऐकून ते म्हणाले, "बरं केलं वं माय. कापडात गाठ राहिली तर आपणच उसवत होतो."

नशिबानं मृग बहाराची, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारी, संत्री बाजारात यायला लागली होती. या वेळी पेट्यांवर फक्त नंबर. कुठला नंबर कसला, ती यादी माझ्या कपाटात बंद. प्रणालीनं शेवंताबाईंना पहिल्याच दिवशी शेजारी बसवून सगळं समजावलं.

"मंग हे पहिलेच सांगायचं ना वं पोरी," त्या म्हणाल्या. "मी हात नसता लावला." पुढचा महिनाभर त्यांनी त्या पेट्यांजवळ दुसऱ्यांनाही फिरकू दिलं नाही. एकदा वानखेडे सर स्वतः मोजायला आले, तर त्यांनाच हटकलं.

फळ दुप्पट टिकलं नाही. चार-पाच दिवस जास्त टिकलं. पण ते चार-पाच दिवस खरे होते, आणि नागपूरहून दूरच्या बाजारात ट्रक पोचायला तेवढे पुरतात. नवा पेपर नोव्हेंबरात स्वीकारला गेला. डिसेंबरात प्रबंध सादर झाला. आधीचा पेपर मागे का घेतला, यावर प्रणालीनं त्यात एक पूर्ण प्रकरण लिहिलं. मी नको म्हणत होते, तिनं ऐकलं नाही.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी पहिलं तेच प्रकरण उघडलं.

"तुमचं नाव इंटरनेटवर शोधलं तर सगळ्यात आधी ती नोटीस येते," ते म्हणाले.

"हो सर," प्रणाली म्हणाली. "कायम येत राहील."

"येऊ द्या. मी ती वाचली, म्हणून बाकीचे आकडे निवांत वाचू शकलो." आणि त्यांनी लेपाच्या जाडीबद्दल विचारायला सुरुवात केली. तासाभरानं ती डॉ. प्रणाली झाली.

हल्ली आमच्या विभागात पेपर पाठवण्याआधी एक फॉर्म भरावा लागतो. प्रत्येकानं आपल्या नावापुढे आपण नेमकं काय केलं ते लिहायचं, आणि पुढे चूक निघाली तर जबाबदार राहीन म्हणून सही करायची. फॉर्म वानखेडे सरांनीच काढला. तेव्हापासून पेपरांवरची नावं बरीच कमी झाली आहेत. पेपर मात्र पूर्वीइतकेच निघतात.