थळच्या बाईंचा अंगारा

अर्जदार : मी, तालुका कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहिणारा. ज्याच्याविरुद्ध तक्रार : तोही मीच. काळ : गेला श्रावण. स्थळ : इस्पितळाचा अतिदक्षता विभाग. साक्षीदार : माझी पत्नी, आणि थळ गावच्या जानकीबाई, ज्यांची साक्ष मागण्यास मला तोंड उरलेले नाही. सादर : ग्रामदैवताच्या चरणी.

लेप्टोच्या तापाने माझी फुप्फुसे निकामी होत आली, तेव्हा घशात नळी घालण्यापूर्वी मी मनातल्या मनात देवा, तुला अर्ज केला. माझी योग्यता, समाजाला असलेली माझी गरज, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी केलेला पत्रव्यवहार, असे सर्व मुद्दे क्रमाने मांडले आणि शेवटी मागणी केली : सबब, अर्जदारास जीवदान मिळावे. तू ऐकशील की नाही याची शंका होती. मजकुराविषयी मात्र तिळमात्र शंका नव्हती.

शुद्धीवर आलो तेव्हा वाचा बंद होती, मनगटे खाटेला बांधलेली होती. शेजारच्या खाटेवर जानकीबाईंचे यजमान, होडीवर मासेमारीला जाणारे गृहस्थ, माझ्यासारखेच श्वासाच्या यंत्रावर होते. भेटीच्या वेळी बाई येत, देवीचा अंगारा त्यांच्या कपाळी लावत आणि मुकाट्याने उभ्या राहत. एका दुपारी माझ्या नळीत कफ अडकला. श्वास मिळेना. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी मांडली, त्याला स्वतःसाठी एक शब्द काढता येईना. बोटे तेवढी चादरीवर खरडू लागली. बाईंचे लक्ष गेले.

"ओ सिस्टर, धावा! या भावाचा जीव घुसमटतोय!"

नळी साफ झाली, श्वास आला. बाई डोळे पुसत हसल्या. "तुमची बायको सांगत व्हती, तुमी मोठं अर्ज लिवता. चादरीवर लिवलेला पयल्यांदाच बगला!"

पुढे माझी प्रकृती सुधारली आणि नळी निघाली. पत्नी आत येताच मी घोगऱ्या पण चढ्या आवाजात म्हणालो, "बघ, देवाने माझा अर्ज मंजूर केला! मुद्देच तसे होते." पत्नीने माझा हात दाबला. मी मान वळवली. शेजारची खाट रिकामी होती. जानकीबाई यजमानांची लुंगी घडी करून पिशवीत भरत होत्या.

"बरं झालं, भाऊ," त्या म्हणाल्या. "एकाचा तरी झाला."

मग जवळ आल्या आणि कमरेची पुडी सोडली. "ह्यांच्यासाठी आनलेला अंगारा हाय. आता कोनाला लावू? तुमालाच लावते." त्यांनी बोटभर अंगारा माझ्या कपाळी लावला. क्षमा मागावी तर शब्द सुचेना. त्या वेळी माझ्या घशात नळीही नव्हती.

आज मी हिंडतो-फिरतो, जेवतो, कचेरीबाहेर बसतो. या देहात चालणारा श्वास तुझी कृपा आहे, आणि ती त्या माउलीच्या हाकेतून आली, एवढे मला कळते. माझ्या मुद्द्यांमुळे मी जगलो म्हणावे, तर त्या गृहस्थांचे मुद्दे कमी पडले असे म्हणावे लागेल. असे म्हणायला माझी जीभ पुन्हा धजू नये. त्या बाईंनी तर काही मांडलेच नव्हते; त्या तुझ्यापुढे नुसत्या उभ्या होत्या.

तरी, देवा, सदर तक्रारीची दखल घेऊन न्याय व्हावा व उत्तर मिळावे. मागणीची जागा मी प्रथमच कोरी सोडली आहे. तिथे तू लिहिशील ते मला मान्य आहे.