माझी बातमी मीच फोडली

"हाच तो," तो म्हणाला. "माझा अनटचेबल."

हे म्हणताना त्याचा हात माझ्या खांद्यावर होता.

फोटोग्राफर कॅमेऱ्याचा पट्टा सोडवत होता. त्याने मान वर केली. "मग तू त्याला हात कसा लावलास?" दोघं हसले. मीही हसलो. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पुढे धीर होणार नाही. मीही हसलो.

न्यूझीलंडमधल्या हॅमिल्टन शहरातला एक सार्वजनिक हॉल होता तो. इंग्लंडच्या राजघराण्यातलं एक जोडपं शनिवारी दुपारी तिथे येणार होतं, आणि आम्ही आदल्या गुरुवारी जागा बघायला गेलो होतो. खांद्यावर हात ठेवणारा तो लंडनच्या एका मोठ्या वर्तमानपत्राचा जुना पत्रकार. निम्मं आयुष्य पार्लमेंटच्या बातम्या, उरलेलं राजवाड्याच्या. मी त्या आठवड्यापुरता त्याचा ड्रायव्हर आणि वाटाड्या.

जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारली होती. स्वागताला येणारे लोक तिच्यामागे उभे राहणार होते. त्याने मला तिथे उभं केलं आणि नियम सांगितले. रेघ ओलांडायची नाही. आपण आधी बोलायचं नाही. आपला हात आधी पुढे करायचा नाही, त्यांनी केला तरच.

हे नियम मला नवे नव्हते. माझ्या आजोबांना ते तोंडपाठ होते. फक्त त्यांच्यासाठी कुणी पट्टी चिकटवली नव्हती.

फोटोग्राफर गमतीने राजपुत्र झाला, माझ्यासमोर आला, हात पुढे केला. मीही केला. माझा हात पालथा नाही, उभा नाही. उताणा गेला. आणि त्याची ओंजळ झाली.

"भीक मागतोयस का?" फोटोग्राफर म्हणाला.

लहानपणी गावच्या देवळाबाहेर आम्ही प्रसादाला उभे राहायचो. पुजारी तो वरून टाकायचा, आमच्या हाताला त्याचा हात लागू नये इतक्या उंचीवरून. फुटाणे उडून धुळीत पडायचे. म्हणून आई शिकवायची, ओंजळ खोल कर. मी पुण्यात शिकलो, पदवी घेतली, मराठी दैनिकात उपसंपादक झालो, विमानात बसून पृथ्वीच्या पार टोकाला आलो. हात तसाच राहिला.

"परत," पत्रकार म्हणाला. "हा हात शनिवारी जगाने बघायचाय."

मी परत केला.

हा माणूस मला नवखा नव्हता. पुण्याच्या त्या दैनिकात असताना त्याचे राजकीय वृत्तांत माझ्या टेबलावर यायचे. मी ते मराठीत उतरवायचो. कुठल्या मंत्र्याचं आसन डळमळलं, कोण कुणाच्या घरी जेवला. चार ओळींत माणूस उभा करायचा आणि पाचवीत पाडायचा. असं लिहिता यावं म्हणून मी रात्री त्याची वाक्यं हाताने उतरवून काढली होती. २०११ साली न्यूझीलंडला आलो तेव्हा पत्रकारिता संपली. आधी ऑकलंडच्या ओटाहुहु भागात एका बेकरीत, मग हॅमिल्टनला दूध पावडरच्या गोदामात. बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स. लिहिण्याबोलण्याची हौस म्हणून शनिवारी सकाळी एका लहानशा कम्युनिटी रेडिओवर इथल्या मराठी मंडळातर्फे कार्यक्रम करायचो. भावगीतं, वाढदिवसाच्या शुभेच्छा, मंडळाच्या सूचना. त्या स्टेशनच्या मॅनेजरनेच लंडनवाल्यांना माझं नाव सुचवलं. मी गोदामातून रजा टाकली आणि इस्त्रीचा शर्ट घालून ऑकलंड विमानतळावर उभा राहिलो.

येताना गाडीत तो बोलत होता आणि मी ऐकत होतो, शाळकरी पोरासारखा. त्याने सांगितलं, त्याच्या हातची सगळ्यात मोठी बातमी मेली ती एका मंत्र्यामुळे. मंत्र्याचं एक गुपित याने शोधून काढलं होतं, उद्या छापायचं होतं. मंत्र्याला वास लागला. तो सकाळीच रेडिओवर गेला आणि स्वतःच सांगून मोकळा झाला. "बातमी मारायची ही एकच रीत," तो म्हणाला. "आधी स्वतः सांगून टाकायची. पण त्याला छाती लागते. फार थोड्यांकडे असते."

वाटेत बॉम्बे हिल्स नावाच्या टेकड्यांचा चढ लागला तेव्हा त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, माझा बाप कत्तलखान्यात आतडी धुवायचा. शाळेत पोरं माझ्या शेजारी बसायची नाहीत, वास येतो म्हणून. मी माझी बोली बदलली, उच्चार बदलले. आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही.

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ.

"तू लपवलंयस कधी असं काही?"

आणि मी सांगितलं. बायकोपुढेसुद्धा ज्याचा उच्चार टाळायचो ते सगळं. आजोबा गावची मेलेली गुरं ओढायचे. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर', त्यामुळे इथल्या मराठी लोकांनी आपल्याला हवं ते समजून घेतलं आणि मी समजू दिलं. मंडळाच्या जेवणात कुणी कोट्यातल्या डॉक्टरांवर विनोद केला की मी इतरांबरोबर हसतो, आणि घरी येताना बायको गाडीत एक शब्द बोलत नाही. सांगताना मला रडू आलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, दोन माणसं भेटली.

एवढं आठवून झालं तोवर हॉलमधली तालीम संपली होती. मी पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेलो. तिथे स्वागताची व्यवस्था बघणाऱ्या एक माओरी आजी कप पुसत होत्या. माझा पत्रकार त्यांच्याजवळ उभा होता. मी दाराशीच थांबलो, कारण तो म्हणत होता, माझा बाप दारुडा होता, आम्हा भावंडांना सरकारने उचलून नेलं. आयुष्यभर कुणाला सांगितलं नाही.

मग त्याने खिडकीबाहेर पाहिलं. तेवढाच वेळ.

आजींनी कप पुसायचा थांबवला नाही. "चहा घे," त्या म्हणाल्या. "आणि हा बाप पुढच्या बाईला सांग."

प्रत्येकासाठी त्याच्याकडे एक बाप होता. इथल्या कितीतरी माओरी घरांतली मुलं सरकारने अशीच उचलून नेली होती, म्हणून आजींसाठी तो. माझ्यासाठी त्याने मेलेल्या जनावरांचा निवडला होता. मी इंडियन, माझं आडनाव, माझं गाव. त्याने येण्याआधीच माझ्या जुन्या दैनिकातून माहिती काढली असणार. मी गळ गिळला होता.

गाडीत बसल्यावर मी विनवण्या केल्या. दुसरा शब्दच नाही त्याला. सर, माझं राहू द्या. माझी मुलगी इथे शाळेत जाते. आमची उठबस मराठी लोकांत आहे. बायकोच्या वॉर्डात तिघी मराठी आहेत.

तो खरोखर चकित झाला. "अरे, तुला अभिमान वाटेल. ज्याला कुणी शिवत नव्हतं त्याचा हात राजपुत्र हातात घेतो. रविवारच्या अंकात, फोटोसह."

"मी विश्वासाने सांगितलं होतं."

"ऑफ द रेकॉर्ड आहे असं म्हणाला नव्हतास. तू तर पत्रकार होतास ना?"

होतो. नवशिक्यांना पहिल्या दिवशी शिकवायचो ते मीच विसरलो होतो.

त्याला हॉटेलवर सोडलं आणि नदीकाठी गाडी लावून बसलो. भीती कशाची, हे नीट सांगतो. मारहाणीची नाही, नोकरीची नाही. भीती त्या एका क्षणाची. हळदीकुंकवाला बायको दारात येईल आणि आतलं बोलणं थांबेल. कुणी काही म्हणणार नाही. सगळे अधिकच गोड वागतील. आणि माझ्या पोरीला ते गोड वागणं कळेल.

पोरीने एकदा विचारलं होतं, मैत्रिणीच्या आईने विचारलंय, आपण कोण? मी म्हणालो होतो, इथे ते काही नसतं. ती इंग्रजीतच बोलते. "ओके, स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'चालेल', म्हणाली आणि गेली. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता वाटत होतं, तिला हे लंडनच्या पेपरात वाचायला लागणार. बापाच्या ओंजळीचा फोटो बघत.

घरी बायकोला सांगितलं. ती ड्युटीवरून आली होती, अजून बूटही काढले नव्हते. ती रागावेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "त्या परक्या माणसाला बॉम्बे हिल्सच्या चढावर सगळं सांगितलंस. मला इतकी वर्षं फक्त गप्प बस म्हणालास." मग बूट काढता काढता, "छापणार कोण, एवढंच ठरवायचं राहिलंय. तो का तू."

शुक्रवारी मी त्याला गाडीतून फिरवलं. तोंडातून शब्द काढला नाही. त्याला वाटलं मी वळणावर आलो.

शनिवारी सकाळी स्टेशनवर गेलो. मग माईकसमोर बसलो. दर शनिवारी मी 'नमस्कार मंडळी' म्हणतो. लाल दिवा लागला आणि आवाजच फुटेना. रेडिओवर शांतता फार मोठी वाटते. मग म्हणालो, "जय भीम."

पुढचं सांगतो तसं सोपं नव्हतं. मी अडखळलो. म्हणालो, मी बौद्ध आहे. माझे आजोबा महारवाड्यात राहायचे आणि मेलेली गुरं ओढायचे. तुम्ही मूळ गाव विचारलंत की मी तालुका सांगून थांबायचो. तुमच्या कोट्याच्या विनोदांना मी हसलो, ते हसणं मी आज परत घेतो. कुणी मला तुमच्यापुढे आणून उभं करण्याआधी मी स्वतः आलोय. मग गाणं लावायचं विसरलो. नुसताच बसून राहिलो.

हॉलवर गेलो नाही. रेघेमागची माझी जागा मोकळी राहिली. दुपारी त्याचा फोन आला. मी म्हणालो, माझी बातमी आज सकाळी रेडिओवर गेली. मंत्र्याची रीत वापरली. तो हसला, पण खिडकीबाहेर बघायचा तसं ठरवून नाही. "हॅमिल्टनच्या मराठी रेडिओला लंडनमध्ये कोण विचारतं?" म्हणाला. खरंच होतं ते. लंडनमध्ये कुणी विचारत नाही. पण माझी भीती लंडनला राहत नव्हती. ती इथेच, चार रस्त्यांपलीकडे राहत होती.

फोटो नाही म्हणून त्याची मोठी बातमी उभी राहिली नाही. रविवारी त्याच्या वृत्तांतात माझ्यावर एकच ओळ होती. ऐन वेळी पळून गेलेला एक भित्रा भारतीय ड्रायव्हर.

पोरीने ती वाचली. तिने रेडिओही ऐकला होता. "यू साउंडेड स्केअर्ड, बाबा."

"होतोच," मी म्हणालो. त्या दिवशी तिच्यापुढे बसलो आणि सुरुवातीपासून सांगितलं. मराठीत. तिने पहिल्यांदाच मला मध्ये थांबवून शब्दांचे अर्थ विचारले.

सोमवारी मंडळाच्या सेक्रेटरींचा फोन आला. कोथरूडचे, आयटीतले, गोड बोलणारे. "अहो, कशाला एवढं बोललात? आम्ही कुठे कधी विचारलं होतं?"

"तुम्ही मूळ गाव विचारत होता. कुलदैवत विचारत होता. घरी गणपती दीड दिवसाचा की पाच, हे विचारत होता. त्याचंच उत्तर दिलं."

ते म्हणाले, काही लोकांचं म्हणणं पडलंय, कार्यक्रमाला थोडा नवा आवाज हवा. गैरसमज नको. तुम्हालाही विश्रांती.

मला भीती वाटली. अजूनही असा फोन आला की वाटते. धीट झालो असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल.

मी म्हणालो, "नवा आवाज जरूर आणा. पण मला का काढलं, ते त्याच माईकवर येऊन तुम्ही स्वतःच्या तोंडाने सांगा. तोवर त्या खुर्चीत मी बसणार."

अजून कुणी आलेलं नाही. मी दर शनिवारी बसतो, भीतीसकट. आणि मंडळात कुणी प्रसाद द्यायला आलं तर मी ओंजळ करत नाही. एक हात, सपाट, त्यांच्या हाताच्या उंचीवर धरतो. द्यायचा असेल तर हाताला हात लावून द्या. नाहीतर तुमचा तुम्ही खा.