व्हर्लीन स्टब्सचं लांबलेलं वाक्य

पोर्ट हॅलमच्या नगर परिषदेच्या सभागृहातून व्हर्लीन स्टब्सला पहिल्यांदा बाहेर काढलं, तेव्हा तिला परिषदेपेक्षा जास्त राग आला तो पोलिसाचा. टायरिक नावाचा तो पोलीस शाळेत तिच्याच हातचं जेवून एवढा आडवातिडवा वाढला होता.

"मिस व्हर्लीन, चला ना प्लीज," तो तिला हात न लावता पुटपुटला. "नोकरी आहे हो माझी."

"चौथीत असताना मॅकरोनीसाठी तू दोन-दोनदा रांगेत यायचास," व्हर्लीन म्हणाली. ती म्हणाली म्हणजे ते पार मागच्या बाकापर्यंत पोचलं. "मी हाकललं होतं का रे तुला? सांग की सगळ्यांना!"

टायरिकने मान खाली घातली. सभागृह खो-खो हसलं. अध्यक्षांनी हातोडा आपटला. व्हर्लीन गेली, पण स्वतःच्या पायांनी गेली, आणि दारातून वळून अध्यक्षांना असा एक शब्द देऊन गेली की जो तिच्या चर्चमध्ये कोणी तोंडातून काढत नाही. निदान रविवारी तरी.

आवाज हेच तिचं भांडवल. शाळेच्या जेवणघरात तिने उभी हयात काढली. ट्रे आपटणारी, एकमेकांच्या दुधाच्या डब्यांवर उड्या मारणारी तीनशे कार्टी ती भट्टीपाशी उभी राहून एका हाकेत खाली बसवायची. मग शाळा बंद झाली, कारण मुलं उरली नाहीत. मुलं उरली नाहीत, कारण त्यांचे आईबाप गाव सोडून गेले. आईबाप गेले, कारण कपडे धुण्याची मशिनं बनवणारा कारखाना गेला. तो आधी टेनेसीला गेला, मग मेक्सिकोला गेला, आता कुठे असेल देव जाणे. शहर तेवढं तळ्याकाठी जिथल्या तिथे राहिलं. त्याला कुठे चाकं होती?

व्हर्लीन आता एका धुलाई-दुकानात लोकांच्या चादरी घड्या घालून द्यायची. ज्यांच्या बापांनी अख्ख्या अमेरिकेला मशिनं पुरवली, ते आता खिशात नाणी खुळखुळवत तिथे कपडे धुवायला यायचे. ह्यावर कोणी उसासा टाकला की ती म्हणायची, "रडायचं असेल तर घरी जाऊन रड. इथे चादरी वाळवायच्यात."

तिच्या शेजारी काझ वोइताला राहायचा. पोलिश म्हातारा, विधुर, त्याच कारखान्यात मशिनांना मोटरी बसवून पाठीचा कणा झिजवलेला. कुंपणाच्या ह्या बाजूला तिची रेडिओवरची भजनं, त्या बाजूला त्याच्या शिजणाऱ्या कोबीचा वास. त्यावरून दोघांचं तीस वर्षं भांडण चाललेलं. एवढ्या वर्षांत एकमेकांना एक गोड शब्द बोलले नव्हते, आणि एकमेकांच्या घराची किल्ली मात्र दोघांकडेही होती. काझची मूत्रपिंडं कामातून गेली होती. आठवड्यातून तीनदा नऊ नंबरची बस पकडून तो रक्त शुद्ध करून घ्यायला इस्पितळात जायचा, आणि संध्याकाळी पिळून काढलेल्या फडक्यासारखा परत यायचा.

त्या हिवाळ्यात परिषदेने जाहीर केलं की तिजोरीत खडखडाट आहे, सबब नऊ नंबरची बस बंद. आणि त्याच बैठकीत, त्याच कागदावर, दोन ओळी खाली लिहिलं होतं की तळ्याकाठी एक भव्य मत्स्यालय होणार आहे, आणि ते बांधणाऱ्या कंपनीला वीस वर्षं कर माफ.

"मत्स्यालय!" व्हर्लीन कुंपणावरून ओरडली. "अख्खं तळं माशांनी भरलंय, फुकट दिसतात. आता त्यांना काचेत घालून तिकीट लावणार!"

"मासे तरी घरात राहतील," काझ म्हणाला. "थंडी फार आहे."

"तू इस्पितळात कसा जाणार, म्हाताऱ्या?"

"नाही जाणार. तुझी भजनं ऐकत मरेन. तेवढ्याने मरण लवकर येईल."

पुढच्याच मंगळवारी व्हर्लीन परिषदेत गेली. नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळायची. अध्यक्ष लोवेल क्रेनशॉ, केस चापूनचोपून बसवलेले, कायम दुखऱ्या दाढेसारखा चेहरा, म्हणाले, "नाव आणि पत्ता सांगा."

"लोवेल, मी कुठे राहते ते तुला ठाऊक आहे. तुझी आई माझ्या मागच्या गल्लीत राहायची."

"नोंदीसाठी सांगावं लागतं, मॅडम."

"मग नोंदीसाठी हेही लिही, की आई वारल्यापासून तू त्या गल्लीत पाऊल ठेवलेलं नाहीस."

ह्यातच तिचं एक मिनिट गेलं. उरलेल्या दोनात ती बसवर आली, काझवर आली, माशांवर आली, आणि मासे कोणाला मतं देणार आहेत ह्या प्रश्नापाशी घंटी वाजली. माईक बंद झाला. व्हर्लीनला माईक बंद झाल्याचं कळलंच नाही, आणि ऐकणाऱ्यांनाही नाही. ती तशीच आणखी पाच-सात मिनिटं बोलत राहिली. मग टायरिकला बोलवावं लागलं.

असं सलग तीन मंगळवार झालं. लोक आता तिला ऐकायलाच यायला लागले. दोघींनी तर विणकाम आणायला सुरुवात केली. क्रेनशॉसाहेबांच्या दाढेची कळ वाढली आणि परिषदेने नवा नियम केला : ह्यापुढे प्रत्येकाला फक्त एक मिनिट. आपला वेळ दुसऱ्याला देता येणार नाही. आणि एकाने मांडलेला मुद्दा दुसऱ्याने पुन्हा मांडायचा नाही.

"एक मिनिट!" गुरुवारी चर्चच्या तळघरात गायकवृंदाच्या सरावाला व्हर्लीन कडाडली. "आमची आई प्रार्थनेआधी नुसता घसा साफ करायला ह्याहून जास्त वेळ घ्यायची!"

"नियम तो नियम, सिस्टर," डीकन अमोस रॅग्लंड म्हणाले. चर्चचे हे वडीलधारे गृहस्थ इतके सबुरीचे, की घराला आग लागली असती तरी त्यांनी आधी दारावर टकटक केली असती. "आपण एक विनंतीपत्र देऊ."

व्हर्लीन ऐकतच नव्हती. पलीकडे गायक एक लांब सूर धरून होते. एकाचा श्वास संपला की तो गप्प बसायचा, शेजारचा तोच सूर उचलायचा, सूर काही तुटायचा नाही. ती बघत राहिली.

"डीकन, वाक्य एका मिनिटात पुरं केलंच पाहिजे असं नियमात आहे का हो?"

"तसं नाही... पण..."

"आणि वाक्य एकच असेल तर मुद्दा पुन्हा मांडला असं होतं का?"

डीकननी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. "सिस्टर स्टब्स, हा शुद्ध चावटपणा आहे."

"आहे. तुम्ही कितवे उभे राहताय?"

डीकन तिसरे उभे राहिले.

तिने मनातल्या मनात भाषण रचलं आणि लहान मुलांना प्रार्थना शिकवतात तसं एकेकाकडून तुकडा-तुकडा पाठ करून घेतलं. काझला कुणकुण लागली. तो किल्लीने दार उघडून थेट तिच्या स्वयंपाकघरात आला. "मला पण तुकडा पाहिजे. बस माझी आहे."

"चर्चची माणसं आहेत ती."

"मी कॅथलिक, दुसऱ्या चर्चचा, म्हणून वाक्यात घेणार नाहीत?"

"वाक्यात घेतील. स्वर्गाचं तुझं तू बघ."

मंगळवारी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. ज्या क्रमाने येऊन नाव नोंदवलं त्या क्रमाने बोलायचं होतं. व्हर्लीन पहिली. नाव-पत्ता तिने इतक्या गोडीत सांगितला की क्रेनशॉ दचकलेच.

"अध्यक्ष महाराज," ती म्हणाली, "ज्या शहराने आमच्या बापांच्या घामावर शाळा बांधल्या, रस्ते बांधले, हे सभागृह बांधलं, ज्यात आपण आज उबेला बसलाय, त्या शहरात, जिथे आता बर्फातून चालत इस्पितळ गाठण्याची पाळी..."

घंटी वाजली. व्हर्लीन मुकाट्याने जाऊन बसली. सदस्य एकमेकांकडे बघायला लागले. बाई गप्प बसली ह्याचाच त्यांना घोर लागला.

दुसरी बाई उभी राहिली. नाव, पत्ता, आणि मग : "...अशा माणसांवर येणार आहे, ज्यांनी कधी कोणापुढे हात पसरला नाही, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही, असली तर तिच्यात पेट्रोल नाही, आणि पेट्रोल असलं तर..."

घंटी.

डीकन रॅग्लंड उठले. "...ब्रेक नाहीत," ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले.

मागच्या बाकांना अर्थ लागला तशी खसखस पिकली. क्रेनशॉंनी वकिलाकडे पाहिलं. वकिलाने नियमांचं पुस्तक चाळलं आणि खांदे उडवले. वाक्य पुढे सरकत राहिलं. धुलाई-दुकानाची मालकीण आली, विणकामवाल्या दोघी आल्या, बसचा चालक गणवेशातच आला. तासभर झाला तरी वाक्याला पूर्णविराम मिळेना. क्रियापद येतंय येतंय म्हणता घंटी वाजायची.

मग काझ आला. काठी टेकत माईकपाशी उभा राहिला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि थांबला. त्याला तुकडा आठवेना. व्हर्लीन पहिल्या बाकावरून ओठ हलवून सांगत होती, पण त्याचा चष्मा गर्दीच्या वाफेने धुकटला होता.

"मी पाठ केलं होतं," तो म्हणाला. "गेलं. माझी बायको हेलेना, तीही ह्याच बसने यायची. कारखान्यात माझं जेवण घेऊन. डबा गरम राहावा म्हणून कोटाच्या आत धरायची. कोटाला कोबीचा वास लागायचा, बसमधली माणसं नाकं मुरडायची. ती मला म्हणायची, काझ, लोक माझ्यापासून लांब बसतात, मला खिडकीची जागा मिळते." त्याने चष्मा बाहीला पुसला. "मी खिडकीशी बसतो. एवढंच. आठवड्यातून तीनदा."

घंटी वाजवणारी कारकून बाई वाजवायची विसरली. सभागृहात कोणाला हसावं की काय करावं कळेना. व्हर्लीन रुमाल शोधत होती आणि न सापडल्यामुळे चिडली होती.

वाक्य आता तुटलं होतं. पण पुढच्या माणसाने, तो गायकवृंदातला ढोलासारख्या आवाजाचा गृहस्थ होता, धीर केला आणि आपला तुकडा खणखणीत म्हटला : "...आणि म्हणून, अध्यक्ष महाराज, ह्या म्हाताऱ्याची खिडकी काढून घेऊन, आमच्या पोरांचं दूध तोडून, ह्या शहराला नागवून जो एकटा गब्बर होणार आहे, तो माणूस म्हणजे..."

घंटी वाजली.

आता झालं असं, की मत्स्यालयाच्या कंपनीनेही आपला माणूस पाठवला होता. त्यानेही रीतसर नाव नोंदवलं होतं, आणि त्याचा नंबर नेमका इथे लागला. तो आपला हातातल्या फोनमध्ये डोकं घालून बसलेला. इकडे काय शिजतंय ह्याचा त्याला पत्ता नव्हता. नाव पुकारलं तसा तो उठला, टाय सारखा केला, माईकपाशी आला आणि हसतमुखाने म्हणाला :

"मी, ग्रॅहम पेल्टियर!"

छत उडायचं तेवढं बाकी राहिलं. लोक बाकांवर गडगडा लोळले. डीकन रॅग्लंड, ज्यांना आजवर कोणी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, ते पुढच्या बाकावर कपाळ टेकून हुंदके दिल्यासारखे हसत होते. टायरिक दाराकडे तोंड करून उभा राहिला, पण त्याची पाठ गदगदत होती. बिचारा पेल्टियर "काय झालं? काय झालं?" करत राहिला. आणि परिषदेची एक सदस्य बाई, जी वीस वर्षांत क्रेनशॉंच्या विरुद्ध कधी बोलली नव्हती, ती हसता हसता म्हणाली, "लोवेल, आज मतदान नको. माझ्याच्याने हात वर व्हायचा नाही."

मतदान पुढे ढकललं. ते ढकललं गेलं आणि दोन महिन्यांनी आलं तेव्हा सदस्यांच्या दारांवर इतकी माणसं येऊन गेली होती, की नऊ नंबरची बस वाचली. सगळी नाही. रविवारची गेली, आणि संध्याकाळची शेवटची फेरीही गेली. पण काझचे तिन्ही दिवस राहिले. मत्स्यालयाला करमाफी मिळाली, वीसच्या जागी दहा वर्षं. एवढं मिळवून कंपनीने एक भलामोठा खड्डा खणला, आणि मग तिच्या मालकांना दुसऱ्या कुठल्या शहराने जास्त दिलं, म्हणून ती तिकडे गेली. खड्ड्यात बर्फ वितळून पाणी साचलं. त्यात बदकं येतात. मासे नाहीत.

लोकांनी व्हर्लीनला घोड्यावर बसवलं : परिषदेची निवडणूक लढव. ती लढली. समोर सायलस बूकर होता, शहरातल्या एकुलत्या एका अंत्यसंस्कार-गृहाचा मालक. सभांना गर्दी तिच्या, टाळ्या तिला, आणि मतं त्याला. "त्याच्याकडे कधी ना कधी सगळ्यांनाच जायचंय," डीकन म्हणाले. "उगाच संबंध कोण बिघडवतो?" व्हर्लीनने चार दिवस शिव्या घातल्या. मग कुंपणाशी एक दिवस कबूल केलं, की जिंकली असती तर दर मंगळवारी गप्प बसून लोकांचं ऐकावं लागलं असतं, आणि ते तिला मानवलं नसतं.

"तू आणि गप्प," काझ म्हणाला. "मी तुलाच मत दिलं होतं. फक्त त्यासाठी."

पराभवाचा एक फायदा झाला. तिचा आवाज ऐकून ऐकून इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या मुकादमिणीला वाटलं, ही बाई माझ्या हाताखालची पोरं सरळ करील. तिने व्हर्लीनला बोलावून कामावर ठेवलं. पगार बेताचा, पण औषधपाण्याचा विमा होता, आणि बूड टेकायला एक स्टूल होतं.

तिथे एक पंचाईत निघाली. काझ ज्या दिवशी येई त्या दिवसाचं त्याचं जेवण तिच्याच हातून जाऊ लागलं. आणि मूत्रपिंडाच्या रोग्याला मीठ नाही, बटाटा नाही, टोमॅटो नाही. पहिल्याच दिवशी काझने चमचा ताटात आपटला.

"बाई, हे सूप आहे की पाद्र्याने हात धुतलेलं पाणी?"

"गिळ मुकाट्याने."

"मला बटाटा भरून उकडलेले पिएरोगी पाहिजेत. वरून कांदा परतून."

"मेलास की करून घालीन. पेटीत ठेवीन तुझ्या, बशीभर."

शेजारच्या खाटेवरची रोगीण घाबरून परिचारिकेला बोलवायला निघाली होती. काझने तिला हाताने थांबवलं, चमचा उचलला आणि तोंड वाकडं करत सूप प्यायला लागला. व्हर्लीन कमरेवर हात ठेवून, वाडगा रिकामा होईपर्यंत तिथून हलली नाही.