फिरवायची अंडी आणि न हलवायच्या बश्या

लेकीला एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी कोंबडा असलेल्या घरची अंडी हवी होती. त्यासाठी शेळगावला आत्याकडं जायचा मला कंटाळा आला. मी भवानीनगरच्या दुकानातून डझनभर घेतली आणि आत्याकडची म्हणून तिच्या हातात दिली.

जळोचीच्या आमच्या घरात थर्माकोलच्या पेटीत, बल्बच्या उबेला ती मांडली. दिवसातून चारदा फिरवायची, नाहीतर गर्भ आतल्या पडद्याला चिकटून बसतो, असं तिनं बजावलं. मी आठदा फिरवली. मला एका जागी बसवतच नाही.

पाचव्या दिवशी तिनं मोबाइलच्या उजेडात एकेक अंडं धरलं. आत काही नव्हतं.

"बाबा, आत्याआजीचा कोंबडा मेला काय?"

अंडी दुकानातली, हे मी कबूल केलं. प्रकल्प द्यायला वीस दिवस उरले होते, म्हणजे आता एकच खेप. ती चिडली असती तर बरं वाटलं असतं. तिनं नुसता पेटीतला बल्ब बंद केला.

सकाळीच शेळगाव गाठलं. आत्या म्हणाली, "कोंबडा हाय की! तुज्यागत नुसता हिंडत न्हाय त्यो."

या खेपेला मोजून चारदा फिरवली. दहा दिवसांनी अंडी मांडीवर धरून तिच्या गाडीवर मागं बसलो आणि बारामतीच्या कॉलेजात गेलो. तिनं गर्भातल्या पेशी सुट्या केल्या. म्हणाली, अंगात पेशींभोवती प्रथिनांचं जाळं असतं. गर्भ वाढताना पेशी त्यालाच धरतात, त्यावरूनच सरकत आपल्या जागी जातात. प्रयोगाच्या अर्ध्या बश्यांच्या तळाला तिनं तसलं प्रथिन लावलं होतं, अर्ध्या कोऱ्या. दोन्हींत पेशी सोडल्या.

"आता तीन तास हात लावायचा नाही."

"फिरवायच्या नाहीत?"

"बाबा!"

मी व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. तीन चहा झाले. दोनदा दारातून डोकावलो, दोनदा हाकलला गेलो. याही अंड्यांनी दगा दिला तर पोरगी काय लिहिणार?

शेवटी तिनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. दोन्ही बश्या पाहिल्या. मग बाजूला सरकली. "बघा. टेबलाला टेकू नका."

मी हात पाठीमागं बांधून वाकलो. कोऱ्या बशीत पेशी साबुदाण्यासारख्या गोल, तरंगणाऱ्या. दुसरीत मात्र तळाला धरून, पाय पसरून ऐसपैस बसलेल्या.

"आभारात आत्याआजीचा कोंबडा घालते," ती म्हणाली.

"आणि मी?" मी टेबलाची कड धरून विचारलं.

"तुम्ही आधी टेबल सोडा."